काट्यावरचा पाय

उस्तादांच्या गॅरेजमध्ये मीटरचं काम एकटी मीटरताई बघायची. पंचेचाळिशी ओलांडलेली, चष्मा कायम नाकाच्या शेंड्यावर, अंगात खाकी डगला आणि डगल्याच्या खिशात एवढाले स्क्रू ड्रायव्हर. तिची खोली अंगणाच्या कडेला होती. वर पत्रा, एक खिडकी, खिडकीखाली लांब बाक, आणि भिंतीवरच्या फळ्यांवर ओळीने मांडलेल्या काचेच्या तबकड्या. वेगाचे मीटर, तेलाचे मीटर, हवेच्या दाबाचे मीटर. पण तिचा खरा जीव होता तो धुराचा ताप दाखवणाऱ्या मीटरवर. टर्बोचा ट्रक दारात आला आणि त्याला हा मीटर नसला, की ड्रायव्हरची काही धडगत नसायची.

“तुम्हाला कणकण आली तर घरात कोणीतरी कपाळाला हात लावून बघतं ना? मग याच्या कपाळाला कोण हात लावणार?”

मग ती बाकावर सुटे भाग मांडून दाखवायची. इंजिनातून निघालेला धूर टर्बोत, म्हणजे इंजिनात हवा कोंबणाऱ्या पंख्यात, शिरतो, त्याच्या अलीकडे नळीला भोक पाडायचं आणि बोटाएवढी सळई आत बसवायची. सळईच्या टोकाला दोन वेगळ्या धातूंच्या तारा एकमेकींना चिकटवलेल्या. टोक तापलं की त्या तारांत चिमूटभर वीज तयार होते आणि तेवढ्यावर केबिनमधला काटा हलतो. उभ्या पण चालू गाडीत दीडशे-पावणेदोनशे अंश. सपाट रस्त्याला चारशे. चढाला सहाशे. सातशेच्या वर गेला की आतलं धातूकाम मऊ पडायला लागतं. तिथे पाय उचलायचा, नाहीतर खालचा गिअर घ्यायचा. आणि मुक्कामाला पोचल्यावर लगेच गाडी बंद करायची नाही. तीन मिनिटं चालू ठेवून टर्बोला निवू द्यायचं. एवढं साधं गणित. पण ड्रायव्हर लोक ते ऐकताना असे चेहरे करायचे, जणू ती त्यांची कुंडलीच मांडतेय.

त्या महिन्यात जो ट्रक आला, त्याच्या मालकाला सगळे रेडिओ म्हणायचे. गाडीतून उतरायच्या आधीच त्याचं बोलणं सुरू झालेलं असायचं. इंजिन धूर टाकत होतं, तेल पीत होतं. उस्तादांनी ते खोलायचं ठरवलं. दहा-बारा दिवसांचं काम. किल्ली देताना रेडिओ मीटरताईच्या खिडकीशी आला.

“ताई, एक सांगायचं राहिलं. तुमचा तो तापाचा मीटर जरा सटकलाय. गाडी बंद असली तरी काटा हलतो. दुपारी.”

“दुपारी म्हणजे?”

“तीनच्या पुढे. रोज. मी जेवून केबिनमध्ये आडवा झालो की याचं चालू. म्हटलं, मला झोपेत पडतात तशी यालाही स्वप्नं पडत असतील.”

“किती दिवस झाले?”

“महिना झाला असेल. स्वप्नांची तारीख कोण लिहून ठेवतं?” असं म्हणून तो हसत गेला.

मीटरताईने मनात ‘वायर सैल’ अशी नोंद केली आणि विसरून गेली.

दुसऱ्या दिवशी उस्तादांनी इंजिन उतरवलं. लोखंडी साखळीवरून ते हळूहळू खाली आलं, चाकांच्या पाटावर बसलं आणि कामाच्या शेडमध्ये गेलं. टर्बो वेगळा होऊन तिच्याच बाकाच्या टोकाशी आला. ट्रकच्या पुढच्या भागात उरली ती मोठी पोकळी, आणि पोकळीत लोंबणाऱ्या नळ्या नि तारा. मीटरची सळईही तिथेच, वायरीला टांगलेली, हवेत.

तीन वाजून गेल्यावर मीटरताई वायर तपासायला म्हणून केबिनमध्ये चढली. तीन दहाला काटा हलला.

आधी थरथरला, मग उठला आणि पावणेदोनशेवर येऊन थांबला. कुठेतरी इंजिन सुरू करून कोणी क्षणभर बसावं, तसा. मिनिटभराने तो वर सरकला. तीनशे. तीनशे ऐंशी. पुन्हा खाली, पुन्हा वर. मीटरताई खाली उतरली, पोकळीत वाकली आणि लोंबणारी सळई चिमटीत धरली. सळई गार होती. केबिनमध्ये डोकावून पाहिलं, काटा साडेपाचशेवर होता.

ती घाबरली का? खरं सांगायचं तर नाही. तिला आनंद झाला. वीस वर्षांत तिच्याकडे आलेल्या प्रत्येक मीटरचा बिघाड दहा मिनिटांत सापडला होता, आणि आज कुठे एक जण तिला दाद देत नव्हता.

पुढचे दोन दिवस तिने त्याच्यावर काढले. बॅटरी सोडवून ठेवली, काटा चालला. मीटर काढून नवा लावला. नवाही चालला, त्याच आकड्यांवर. वायर बदलली. डब्यातून कोरी करकरीत सळई काढून जोडली. मग जुनी सळई, जुनी वायर, जुना मीटर असं सगळं बिऱ्हाड आपल्या खोलीत नेऊन बाकावर जोडलं, तर तिथे काटा गप्प. खोलीचं तापमान दाखवत शहाण्यासारखा बसून राहिला. परत ट्रकमध्ये बसवला आणि तीन दहा झाले, की निघाला.

म्हणजे मीटर नाही, वायर नाही, सळई नाही. उरला ट्रक. तिने रेडिओला फोन लावून ट्रकची जन्मपत्रिका विचारली. तीन वर्षांपूर्वी कारखान्यातून नवा आलेला, पहिला मालक रेडिओच, अपघात नाही, दुरुस्ती नाही.

“आणि डोंगराकडे जातोस का कधी?”

“छे! मला वळणांवर ओकारी येते, ताई. ड्रायव्हर असून. कोणाला सांगू नका.”

पाचव्या दिवशी तिने आखीव कागद आणले. केबिनमध्ये बसून दर पंधरा सेकंदांनी आकडा लिहिला आणि संध्याकाळी खोलीत त्याची रेघ काढली. बेचाळीस मिनिटांची रेघ. सुरुवातीला सपाटी, मग चढण, मग मधेच पाच मिनिटं उभ्या गाडीचा ताप, मग लांबलचक, दमवणारी चढण. शेवटाला काटा सातशे साठपर्यंत जायचा. आणि बरोबर तीन बावन्नला पडायचा. उतरायचा नाही, पडायचा. बंद केलेलं इंजिन निवायला अर्धा तास घेतं. हा काटा एका श्वासात हवेच्या तापमानावर यायचा.

चढणीवरच्या रेघेला जागोजागी खाचा होत्या. वळण आलं की ड्रायव्हर पाय उचलतो, ताप उतरतो, खाच पडते. यात नवल नव्हतं. पण इथली प्रत्येक खाच जोडीने होती. एक बारीक, आणि तिला लागूनच दुसरी, जरा खोल.

मीटरताईने चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग तशीच बसून राहिली. शेडमधली हातोडी थांबली, उस्ताद हात धुऊन घरी गेले, तरी बसून राहिली.

तिच्या थोरल्या भावाचा उजवा गुडघा तरुणपणी मोडला होता. जोडला गेला, पण पायाला मधल्या जागी थांबणं जमेना. ट्रक चालवताना वळणाआधी दादा पाय जरासा उचलायचा, कळ यायची, पाय पडायचा, मग दुसऱ्यांदा पुरता उचलायचा. शाळेच्या सुट्टीत त्याच्या शेजारी बसून फिरताना ती हसायची, “दादा, तुझ्या ट्रकला उचकी लागलीय.” दादा म्हणायचा, “कोणीतरी आठवण काढत असेल.”

अकरा वर्षांपूर्वी सिमेंटचे पाईप भरून परत येताना त्याने घाटाच्या पायथ्यावरून फोन केला होता, तीन वाजून पाच मिनिटांनी. संध्याकाळी घरी येतो म्हणाला. तो घाट चढून पलीकडे उतरलाच नाही. दरीत शोधलं, ओढ्यात शोधलं. ट्रक नाही, पाईपचा तुकडा नाही. रस्त्याचा एकही कठडा तुटलेला नव्हता.

आपल्या मनाचे खेळ, असं तिने स्वतःला बजावलं. गुडघा दुखणारे ड्रायव्हर काय जगात कमी आहेत? कागद बाकावर गुंडाळून ठेवून ती घरी गेली आणि कोणाला काही बोलली नाही.

घरी होती वहिनी. दादाची बायको. दोघी गेली अकरा वर्षं एकाच घरात राहत होत्या. वहिनी ट्रकच्या सीटची कव्हरं शिवायची. तिच्या मशीनचा आवाज नसला की मीटरताईला घर ओळखू यायचं नाही. एरवी ती नणंदेला ‘अगं’ म्हणायची, आणि रागावली की ‘वन्सं’. पण हल्ली मशीन थांबलेलं असायचं आणि खोल्यांतून खोकी वाढत चालली होती. महिनाअखेरीला वहिनी आपल्या बहिणीकडे कायमची राहायला जाणार होती. “खिडकीकडे बघत किती वर्षं काढायची?” असं ती एकदाच म्हणाली होती. मीटरताईने ‘जा, बरं होईल’ असं तोंडाने म्हटलं होतं आणि त्या दिवशी तिला जेवण गेलं नव्हतं.

सहाव्या दिवशी वहिनी शिवलेली कव्हरं द्यायला गॅरेजमध्ये आली. मीटरताई उस्तादांशी बोलत होती. परत खोलीत येऊन बघते, तर वहिनी बाकापाशी उभी आणि पुढ्यात तो कागद उलगडलेला.

“हे कसलं माप घेतलंयस?” वहिनीने विचारलं.

“असंच. एका गाडीचं.”

वहिनीचं बोट रेघेवरून चाललं होतं. सपाटीवरून, पहिल्या चढणीवरून. पाच मिनिटांच्या थांब्यावर ते थांबलं.

“ही पाण्याची टाकी,” ती म्हणाली. “लग्नानंतर मला घेऊन गेले होते ना, तेव्हा इथेच थांबलो होतो. गाडी बंद करायचे नाहीत. म्हणायचे, तिला धाप लागलीय, नुसतीच उभी राहू दे.” मग बोट पुढे गेलं, एकेका जोडखाचेला शिवत. “आणि ही... ही...”

 मीटरताईची खोटं बोलायची वेळ निघून गेली होती.

“वन्सं, बंद करा हे,” वहिनी म्हणाली. दारापर्यंत गेली. मग मागे न वळताच तिने विचारलं, “उद्या किती वाजता?”

दुसऱ्या दिवशी दोघी केबिनमध्ये शेजारी शेजारी बसल्या. समोरची काच धुळीने माखलेली, पुढचं झाकण उघडं, खाली इंजिनाची पोकळी. तीन दहाला काटा उठला. टाकीपाशी तो टेकला, तेव्हा वहिनीने पदराच्या टोकाने कपाळ पुसलं, जणू तिलाही तिथे वारा लागला. मग लांब चढण. सहाशे. सहाशे चाळीस. जोडीने दोन धक्के, पुन्हा वर. सातशे. सातशे तीस.

“इतका का तापतोय?”

“ओझं जास्त आहे. आणि तो चौथ्याच गिअरवर रेटतोय. खाली घ्यायला हवा.”

“मग सांग ना त्यांना!”

तीन बावन्न. काटा पडला.

वहिनी खाली उतरली आणि सरळ घरी गेली. संध्याकाळी कपड्यांच्या घड्या घालता घालता ती एवढंच म्हणाली, “एकदा पडले असते तर मी सोसलं असतं. हे रोज? अकरा वर्षं रोज तिथपर्यंत यायचं आणि रोज पडायचं?”

मीटरताईच्या डोक्यातून ते वाक्य जाईना. त्यात उस्तादांनी सांगून ठेवलं होतं, इंजिन तयार आहे, शनिवारी बसवून टाकू. रेडिओचे तर दिवसातून चार फोन येत होते. म्हणजे तिच्या हातात शुक्रवारची एकच दुपार होती.

शुक्रवारी वहिनी आली नाही. मीटरताई नेहमी शेजारच्या सीटवर बसायची. त्या दिवशी ती स्टिअरिंगमागे बसली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. मांडीवर कागद, हातात पेन्सिल. सपाटी, चढण, टाकी. लांब चढण. काटा सातशेला टेकला तसा तिच्या पायाच्या पोटरीला पीळ पडला. सातशे वीस. सातशे चाळीस. घड्याळात तीन एकावन्न.

“अरे, खाली घे ना!” ती मोठ्याने ओरडली, आणि ओरडता ओरडताच तिने डाव्या पायाने क्लच दाबला आणि दांडा चौथ्यातून तिसऱ्यात ओढला.

गिअरबॉक्सच्या पुढे काहीच नव्हतं. दांडा नुसताच खडखडला. पण काटा दचकला. सातशे साठला जाता जाता थबकला. मग मागे आला. सातशे दहा. सहाशे ऐंशी. सहाशे वीस.

तीन बावन्न झाले. तीन त्रेपन्न झाले. काटा पडला नाही.

मीटरताईच्या अंगातून घामाचा लोट वाहिला. कागद मांडीवरून खाली गेला, तिला भान नव्हतं. पुढच्या चढणीला काट्याने पुन्हा साडेसातशेची वाट धरली, तिने दुसरा गिअर घेतला, काट्याने ऐकलं. तिने पाय उचलला, काटा उतरला. तिकडे जोडीचे दोन धक्के यायचे आणि इकडे तिचा पाय त्यांच्या बरोबरीने उठायचा. अशी वीस मिनिटं. लहानपणी दादाने तिला सायकल शिकवताना मागून सीट धरली होती, तसं आज तिने मागून काहीतरी धरलं होतं, आणि ते पुढे जात होतं.

सव्वाचारला चढण संपली. काटा सुळकन खाली आला आणि पावणेदोनशेवर स्थिरावला. घाटमाथा. गाडी उभी होती, इंजिन चालू होतं.

मीटरताई हसायला लागली. हसता हसता रडायला लागली. अंगणातून जाणाऱ्या उस्तादांनी एकदा केबिनकडे पाहिलं आणि काही न विचारता ते शेडमध्ये गेले.

सात मिनिटं काटा तिथेच होता. दम खाऊ दे, तिला वाटलं. उतरून जरा उभा राहिला असेल. पाय मोकळा करत असेल.

मग गाडी निघाली.

उतार होता, ताप कमीच असायला हवा होता आणि होताही. पहिलं वळण यायची वेळ झाली, तशी ती खाचेची वाट बघत राहिली. खाच आली. एकच. स्वच्छ, कापल्यासारखी. आपली नजर चुकली असेल. दुसऱ्या वळणाला तिने डोळे बारीक केले. एकच. तिसऱ्याला एकच. चौथ्याला एकच. सगळ्या सारख्या खोल, सारख्या रुंद. या पायाला कसलीही कळ येत नव्हती.

तिने क्लच दाबला, दांडा हलवला. काट्याने दखल घेतली नाही. ब्रेकवर उभी राहिली. काटा आपल्या चालीने चालला होता.

घाटमाथ्यावर जो उतरला, तो पुन्हा चढला नव्हता.

आणि मग ही गाडी कोण चालवतंय?

तिने हात घालून मीटरमागची वायर उपटली. काटा शून्यावर गेला. अंगण जिथल्या तिथे होतं. शेडमध्ये कोणीतरी शीळ घालत होतं. बंद करावं आणि घरी जावं, असं तिला वाटलं. मिनिटभर ती वायर तिच्या हातात होती. पण न बघणं तिच्याच्याने कधी झालं नव्हतं. तिने वायर परत खुपसली.

काटा चारशे दहावर उभा राहिला. घाट संपला होता. सपाट रस्ता लागला होता, आणि वेग वाढला होता.

पायथ्यापासून शहर तासाभराचं. तो तास ती हलली नाही. पाच वीसला गाडी थांबली: नाक्याचं फाटक. पाच एकतीसला पुन्हा थांबली: पुलावरचा सिग्नल. त्यानंतर छोटे छोटे दोन दचके, दोन गतिरोधक. शहरात दोन गतिरोधक लागून असलेली गल्ली एकच होती. तिला ते अंतर पाठ होतं. गेली वीस वर्षं ती रोज स्कूटरवरून त्या दोन्हींवर आदळत घरी जात होती.

पाच चाळीसला काटा पावणेदोनशेवर आला.

तीन मिनिटं उभा ठेवायला हवा. दादाने ठेवला असता.

काटा लगेच उतरायला लागला. आलेल्याने गाडी थांबवली होती आणि त्याच क्षणी बंद केली होती.

तिने वहिनीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. वाजत राहिला.

ती स्कूटर काढून घरी पोचली, तेव्हा गल्लीत ट्रक नव्हता. घरासमोर वाळत घातलेले कपडे, पलीकडच्या घरातला नळाचा आवाज, सायकल पुसणारा शेजारी. “आत्ता इथे एखादा ट्रक आला होता का?” तिने विचारलं. शेजाऱ्याने फडकं पिळत मान हलवली. “या गल्लीत ट्रक मावतो तरी का?”

वहिनी उंबऱ्यातच उभी होती. केस नीट विंचरलेले. हातात फोन होता, आवाज बंद केलेला.

“हळू बोल,” ती म्हणाली. “आत्ताच डोळा लागलाय.”

“कोणाचा?”

“बाहेरून हात घालून कडी काढली गं. खिडकीच्या गजातून, मनगट वळवून. मी शिवत बसले होते. अशी कडी या घरात तिघांनाच काढता येते.”

मीटरताईने भिंतीला हात टेकला. “दादा आहे?”

वहिनीने वळून आतल्या दाराकडे पाहिलं. “चेहरा तो नाही,” ती म्हणाली. “आवाजही तो नाही. चालताना दोन्ही पाय सरळ टाकतो.”

“मग घरात कशाला घेतलंस?”

“म्हणाला, ताईने वर काढलं. म्हणाला, फार थकलोय, जरा पडू का?” वहिनीने तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते आणि चेहरा इतका शांत होता, की मीटरताईला तो ओळखीचाच वाटेना. “मी काही विचारलं नाही. अकरा वर्षं रोज विचारत होते, आता पुरे. तूही विचारू नकोस.”

ती आत गेली. एका खोक्याची दोरी सोडली आणि त्यातून चादरी काढून ती एकेक करून कपाटात परत लावायला लागली. चेहऱ्यावर हसू नव्हतं, पण गुणगुणत होती.

आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं. मीटरताईने चपला काढल्या आणि दारापाशी जाऊन उभी राहिली. फटीतून काही दिसत नव्हतं. पडदा ओढून घेतलेला होता. फक्त श्वास ऐकू येत होता. गाढ झोपलेल्या माणसाचा, सावकाश, श्वासाच्या शेवटी घशात हलकीशी घुरघुर. ती घुरघुर तिच्या ओळखीची होती. लहानपणी एकाच खोलीत झोपताना तिने ती ऐकली होती. तिचा हात दाराकडे गेला.

मग तिला दुसरा श्वास ऐकू आला.

तिने हात मागे घेतला. मागे वहिनी कपाटाचं दार लावत होती. दारापाशी पुसलेल्या फरशीवर परक्या चपलांचा एकच जोड काढून ठेवलेला होता.

मीटरताईने मनगट वर केलं, घड्याळाचा सेकंदकाटा बारावर येईपर्यंत थांबली, आणि मोजायला लागली.

एका मिनिटात चौदा. आणि त्या चौदांच्या मधल्या जागांत, त्यांच्यात कुठेही न मिसळता, आणखी नऊ.